हाताचा अंदाज

सर्जाकाका गेला तेव्हा सावलीत शेहेचाळीस डिग्री होतं, आणि तो होता तिथं सावली नव्हती. आमच्या आकाशपाळण्याच्या आसापाशी, जमिनीपासून तीस फुटांवर, तो आरे जोडत होता. खालून आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दोनदा हाक मारली, उत्तर आलं नाही. आप्पा वर चढले. काकाचा जबडा आवळलेला होता, मूठ पान्यावर घट्ट, आणि अंग असं तापलेलं की आप्पांनी लावलेला हात मागे घेतला. दोराने खाली उतरवून तालुक्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत ताप एकशेनऊवर गेला होता. संध्याकाळी सगळं संपलं. बेचाळीस वर्षांचा माणूस, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही.

लोक म्हणाले, ऊन लागलं. ऊन तर त्या माळावर सगळ्यांनाच लागलं होतं. मेला माझा काकाच. हे मी दवाखान्यात जरा मोठ्यानेच बोलले, तेव्हा डॉक्टर मुजावर मॅडम रागावल्या नाहीत. "बरोबर विचारतेस," म्हणाल्या आणि त्यांनी काकाचं रक्त तपासायला पुण्याला पाठवलं. पाठोपाठ आप्पांचं आणि माझंही.

तीन आठवड्यांनी त्यांनी आम्हाला समोर बसवून, औषधाच्या चिठ्ठीच्या मागे चित्र काढून समजावलं. स्नायूच्या प्रत्येक पेशीत कॅल्शियमची एक पिशवी असते. मेंदूचा निरोप आला की पिशवीचं दार उघडतं, कॅल्शियम बाहेर येतं आणि स्नायू आवळतो. काम झालं की एक पंप ते कॅल्शियम पुन्हा पिशवीत ओढून घेतो आणि स्नायू सैल पडतो. पंप चालायला इंधन लागतं, आणि इंधन जळलं की उष्णता आलीच. एरवी यात काही बिघडत नाही. पण काही घराण्यांत त्या दाराची घडणच कच्ची असते. अंग फार तापलं की दार नीट मिटत नाही. कॅल्शियम ठिबकत राहतं, पंप ओढत राहतो, त्याने उष्णता वाढते, आणि उष्णतेने दार आणखी किलकिलं होतं.

"भुलीच्या काही औषधांनीही असंच होतं," मॅडम म्हणाल्या. "म्हणून ऑपरेशनच्या खोलीत यावरचं औषध गेली साठ वर्षं ठेवलेलं असतं. ते दार मिटायला लावतं. आता त्याच जातीची गोळी निघाली आहे, रोज घेता येईल अशी. तुमच्या रक्तातही तोच दोष आहे, हणमंतराव. एकतर गोळी घ्या, नाहीतर उन्हातलं काम सोडा."

माझ्या रक्तात तो दोष निघाला नाही. मी आईच्या वळणावर गेलेय, असं मॅडम म्हणाल्या. त्यावर आप्पा म्हणाले, "तरीच तोंड चालतंय." महिनाभरात ते पहिल्यांदा काहीतरी गमतीचं बोलले होते, म्हणून मी ऐकून घेतलं.

"गोळीने ताकद थोडी कमी होईल," मॅडमनी बजावलं. "दार मिटायला सोपं केलं की उघडायला जरा जड जातं. आठवा हिस्सा कमी धरा."

"आठवा गेला तरी सात ऱ्हात्यात की," आप्पा म्हणाले.

गोळी नारिंगी रंगाची होती. मोठं शास्त्रीय नाव पाकिटावरच राहिलं. रस्त्यावर, शेतावर, बांधकामावर सगळे तिला गारगोळी म्हणू लागले. दोष नसलेले लोकही घेत होते, कारण दार कच्चं नसलं तरी गोळीने अंग कमीच तापायचं. दोन हजार एक्केचाळीसच्या उन्हाळ्यात आमच्या भागात सत्तेचाळीस डिग्री झालं, आणि भर दुपारी आप्पा पाळण्यावर चढून घामाघूम न होता खाली यायचे. कपाळाला हात लावून बघ म्हणायचे. मी बघायचे. खरंच गार असायचं.

भावाला जाळून आलेला माणूस होता तो. त्याने त्या गोळीचा प्रचारच सुरू केला. आमच्या भागात जत्रांना फिरणारे आमच्याशिवाय अकरा पाळणेवाले आहेत. आप्पा एकेकाकडे जाऊन बसले, सर्जाकाकाचं सांगितलं, चहा प्याले आणि गोळी सुरू करायला लावूनच उठले. कुणी आढेवेढे घेतले की म्हणायचे, "माझ्या भावाची बायको बगाया ये एकदा." मग पुढचं बोलणं होत नसे.

आता आमचं काम सांगते. पाळण्याला सोळा आरे असतात आणि प्रत्येक आरा आसावरच्या मधल्या हबला चार बोल्टांनी बसवतात. म्हणजे चौसष्ट बोल्ट. गावोगाव पाळणा उभा करताना ते आवळायचे, जत्रा उठली की सोडायचे. पोरं नट हाताने फिरवून ठेवतात, पण शेवटचा पाना मिस्त्रीचाच. पान्याच्या दांड्यावर पाईप चढवायचा, ओढायचं, आणि हाताला 'बसलं' असं कळलं की थांबायचं. कमी ओढलं तर नट उकलतो, जास्त ओढलं तर बोल्ट ताणून निकामी होतो. यातलं बरोबर काय, ते आप्पांना त्यांच्या वडिलांनी पाठीत धपाटे घालून शिकवलं होतं.

आणि त्यावर शिक्का म्हणून घरचा फेरा. पाळणा उभा राहिला की पहिल्या फेऱ्यात मिस्त्रीच्या घरचं माणूस नारळ घेऊन बसतं. तो फेरा झाला की मगच तिकिटं फाडायची. लहानपणी मी बसायचे. आता सर्जाकाकाची अनू बसते, नऊ वर्षांची. सरकारी कागद असतात, शिक्के असतात, पण गावचे लोक कागद मागत नाहीत. 'घरचा फेरा झाला का?' एवढंच विचारतात.

आंबेवाडीची चार दिवसांची जत्रा उठली तेव्हा पाळणा सोडायला मी वर होते. आप्पांनी आवळलेला नट सोडणं म्हणजे अर्धा मीटर पाईप आणि दोघांचा जोर, हे मी बारा वर्षं बघत आले आहे. त्या दिवशी पाईप खाली राहिला होता. आणायचा कंटाळा आला म्हणून मी नुसत्या पान्याने ओढून बघितलं. नट सुटला. मग दुसरा सुटला. मी एकटीने सोळा नट सोडले आणि खाली येऊन पोरांसमोर दंड फुगवून दाखवला. सुरेखाकाकू, म्हणजे सर्जाकाकाची बायको, गल्ल्यावरून म्हणाली, "खुराक वाढलाय बाईसायबांचा." मी चार दिवस त्याच तोऱ्यात होते. आज आठवलं की स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

पुढची जत्रा बिरोबाच्या माळावर होती. पाळणा दुपारी तीनला उभा राहिला. पाचला सुरू करायचा होता. आप्पा शेवटचा पाना फिरवून खाली आले, ताडपत्रीच्या सावलीत बसले आणि चहाची बशी तोंडाला लावून खुशीत म्हणाले, "ह्या खेपंचं नट लई गुणाचं हायती बग. दोन ओढीत बसत्यात."

मी मोटारीच्या पेटीत डोकं घालून बसले होते. "कुठले नट?"

"आसाचं. नवं आणलंस न्हवं?"

मी नवे नट आणले नव्हते. तेच नट होते, पाच वर्षं मीच रॉकेलमध्ये धुतलेले. लोखंड वयाबरोबर गुणाचं होत नाही. आणि मला आंबेवाडीतले माझे दंड आठवले. ते नट माझ्या ताकदीने सुटले नव्हते.

मी वर चढले, पाईप न घेता. पहिल्याच आऱ्याचा नट एका झटक्यात हलला. दुसऱ्या आऱ्याचाही हलला. खाली रांग लागायला सुरुवात झाली होती. आणि सगळ्यात खालच्या डब्यात अनू नारळ मांडीवर घेऊन बसलेली होती, घरच्या फेऱ्याची वाट बघत.

"अनू, खाली उतर."

"फेरा कुटं झालाय अजून?"

"उतर म्हटलं ना!"

मी ओरडले तशी ती रडतच उतरली. आप्पा उठून उभे राहिले. "का गं ऋतू, पोरीवर का खेकसतीस?"

हे सांगायला चांगली वेळ आणि चांगले शब्द असतात असं म्हणतात. मला सापडले नाहीत. "आप्पा, नट सैल आहेत," मी म्हणाले. "सगळे. तुमचा हात चुकतोय."

त्यांना आधी नीट कळलंच नाही. मग कळलं, आणि ते हसले. आमच्या आप्पांना राग आला की ते आधी हसतात. "बावीस सालापास्नं शेवटचा पाना माझा हाय. एक बोल्ट कुटं उकलला न्हाई. आन तू मला शिकवतीस?"

माझ्या पेटीत टॉर्क पाना होता, आयटीआयला असताना घेतलेला. किती जोर लागला त्याचा आकडा त्याच्या दांड्यावर दिसतो, आणि ठरवलेला जोर आला की तो टक् करतो. आप्पा त्याला मास्तरांचा पाना म्हणायचे आणि हात लावायचे नाहीत. मी खाली येऊन तो घेतला, आप्पांना वर आसापाशी नेलं आणि त्यांच्या हातात दिला, आकड्यावर चिकटपट्टी लावून. "दहा नट सोडून देते. तुम्ही नेहमीसारखे आवळा. बसला असं वाटलं की थांबा. मी आकडा बघते, तुम्ही बघू नका."

त्या बोल्टांना चारशे न्यूटन-मीटरचा जोर लागतो. आप्पांनी पहिला नट ओढला, थांबले, म्हणाले, "बसला." मी पट्टी उचलून आकडा बघितला. दोनशे नव्वद. दुसरा तीनशे पाच. तिसरा दोनशे ऐंशी. दहाच्या दहा नट असे झाले, एकही सव्वातीनशेपर्यंत गेला नाही. मी आकडे मोठ्याने वाचत होते आणि माझा आवाज दर आकड्याला बारीक होत होता.

"पाना खोटा हाय तुजा."

"मग आता हाच नट मी चारशेला नेते. तुम्ही पान्यावर हात ठेवा फक्त."

मी पाईप घातला आणि सगळं अंग टाकून ओढायला लागले. आप्पांचा हात माझ्या हाताशेजारी होता. साडेतीनशेला ते ओरडले, "बास! तुटंल बोल्ट!" मी ओढत राहिले. त्यांनी माझं मनगट धरलं. "तुटंल म्हनतोय न्हवं!"

बोल्ट तुटला नाही. चारशेला पान्याने टक् केलं आणि मी थांबले. हाच जोर तो माणूस वीस वर्षं बोलत बोलत, विडी ओढत लावत होता. आता तोच त्यांना लोखंड तुटण्याइतका वाटत होता.

खाली आल्यावर मी मुजावर मॅडमना फोन लावून स्पीकरवर ठेवला आणि आकडे सांगितले. त्यांनी आकडे पुन्हा एकदा विचारून घेतले. मग म्हणाल्या, "हणमंतराव, तापातून उठल्यावर पाण्याची कळशी उचललीय कधी? जड वाटते ना? कळशी तीच असते. हातात किती जोर आहे ते मेंदू थेट मोजत नाही. आपण स्नायूला किती जोराचा हुकूम सोडला, बरंचसं त्यावरून अंदाज बांधतो. गोळीमुळे तुमच्या स्नायूत दर हुकमाला कॅल्शियम कमी सुटतं. म्हणून मेंदू हुकूम वाढवतो, आणि त्याला वाटतं की फार जोर लावला, आता बास."

"पर तुमी आठवा हिस्सा म्हनला हुता. ह्यो चौथा झाला."

"आठवा प्रयोगशाळेत होता. गार खोलीत, एकदा मूठ आवळायला लावून. पाच तास उन्हात पाना ओढून झाल्यावर किती, ते कुणी मोजलंच नाही." मॅडमचा आवाज खाली आला. "त्यांनी पकड मोजली. अंदाज मोजायचं कुणाला सुचलं नाही. मलाही नाही सुचलं."

आप्पांनी हात मांडीवर पालथे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत बसले. मी त्यांना दमात घेतलं होतं, चूक दाखवली होती, खरी ठरले होते, आणि मला अजिबात बरं वाटत नव्हतं. लहानपणापासून माझ्या भीतीवर एकच औषध होतं, की नट आप्पांनी आवळलेत.

"गोळी बंद," ते एकदम म्हणाले. "आजपास्नं बंद. चार दिसांत हात परत येतोय. कसं न्हाई येत बगतो."

सुरेखाकाकू गल्ल्याच्या खुर्चीवरून उठून आली. ती दिराशी, म्हणजे थोरल्या दिराशी, डोक्यावरचा पदर सारखा केल्याशिवाय बोलत नाही. त्या दिवशी पदर खांद्यावरच होता.

"भाऊजी, एकाला दोरानं उतरवून घेतलं मी. हितंच हुबी हुते, खाली. दुसऱ्याला उतरवून घ्यायची न्हाई मी. गोळी बंद केली तर ह्यो पाळणा भंगारात घालीन आन पोरगी घिऊन माह्यारी जाईन."

"मग हात कुटनं आनू, सुरेखा?"

"हात हाय की." तिने माझ्याकडे बोट केलं. "मास्तरांचा पानाबी हाय. तुमास्नी ते सोसंना, एवढंच हाय."

रांगेतून कुणीतरी शिट्टी मारली. साडेचार वाजले होते. आप्पा उठले, तिकिटाच्या टेबलावरचा कर्णा घेतला आणि त्यात बोलले, की आज पाळणा चालणार नाही. का, असं चार बाजूंनी आलं. "घरचा फेरा झाल्याला न्हाई," आप्पा म्हणाले. लोक कुरकुरत, पोरांना ओढत मौत का कुआँकडे गेले. कुणी हट्ट धरला नाही.

मला वाटलं, झालं. रात्रीपर्यंत मी चौसष्ट नट पुन्हा आवळीन आणि उद्या पाळणा चालेल. पण आप्पा फोन घेऊन बसले होते आणि बोटावर मोजत होते. अकरा पाळणेवाले, अकराही गोळीवर, आणि गोळी कुणी दिली? त्यातल्या चौघांच्या जत्रा त्या दिवशी सुरू होत्या. मी हे मोजलंच नव्हतं. मला माझ्या पाळण्यापलीकडे काही दिसलं नव्हतं.

पहिला फोन रघुनाथ खिलाऱ्यांना. ते पस्तीस मैलांवरच्या एका जत्रेत होते. मागे बाजा वाजत होता, मोटारीची घरघर आणि पोरांच्या किंकाळ्या स्पष्ट ऐकू येत होत्या. आप्पांनी सांगितलं, पाळणा थांबव, बोल्ट सैल असणार, गोळीनं हात फसतोय.

रघुनाथकाका हसले. "मिस्त्री, तुमचं सैल असंल. माजा हात मला म्हाईत हाय. जत्रा भरात हाय हितं, मागनं बोलू."

मी कानात सांगितलं, "डॉक्टरांचं नाव घ्या. गोळीत दोष निघालाय म्हणा." आप्पांनी मान हलवली आणि फोनवर हात ठेवून मला म्हणाले, "गोळीवर ढकललं तर त्यो म्हननार, मला न्हाई बाधत. मीबी त्येच म्हनालो की तुला."

मग ते फोनमध्ये बोलले. प्रत्येक शब्द जागच्या जागी ठेवल्यासारखे, सावकाश.

"रघू, ऐक. आंबेवाडीला माजा पाळणा चार दिस सैल फिरला. हजारानं माणूस बसलं. घरच्या फेऱ्याला सर्जाची अनू बसली. शेवटचा पाना माजा हुता. मला घट्ट वाटलं, आन ते घट्ट नव्हतं. आज लेकीनं दावलं. माजा हात खोटा हाय, रघू. माजा."

पलीकडे नुसता बाजा वाजत राहिला. मग रघुनाथकाका कुणावर तरी ओरडले, "बंद कर रं! आरं उतरीव माणसं, एकेक डबा, सावकाश!" मोटारीची घरघर हळूहळू खाली आली. बाजाही थांबला. आप्पांनी डोळे मिटले होते. शेवटचा डबा रिकामा झाल्याचं ऐकू येईपर्यंत त्यांनी फोन ठेवला नाही.

"मिस्त्री," रघुनाथकाका परत आले तेव्हा त्यांचा आवाज वेगळाच होता. आप्पांना पाना धरायला शिकताना बघितलेला माणूस तो. "मग आता तुमच्यात शेवटचा पाना कुनाचा?"

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मला रडू येत होतं आणि ते आनंदाचं नव्हतं. बारा वर्षं मला तो पाना हवा होता, पण असा नको होता.

"ऋतूचा," आप्पा म्हणाले.

फोन ठेवून त्यांनी दुसरा नंबर लावला. ती वाक्यं त्यांना अकरा वेळा म्हणावी लागली, कारण प्रत्येकाचं म्हणणं होतं की आपला हात आपल्याला माहीत आहे. मला वाटत होतं, तिसऱ्या-चौथ्या फोनला ती त्यांच्या तोंडात बसतील. तसं झालं नाही. सातव्या फोनला 'माजा हात' इथं ते अडले. काकूने पाण्याचा तांब्या पुढे केला. ते पाणी प्याले, आणि वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हणाले.